दगडावरचे सूत्र आणि पेशीची खोली

जर्मनीतील येना शहरात विद्यापीठाच्या मुख्य इमारतीजवळ अर्न्स्ट आबे यांचे दगडी स्मारक आहे. त्यावर एक सूत्र कोरलेले आहे. शास्त्रज्ञाच्या स्मारकावर त्याचे सूत्र असावे यात नवल नाही. नवल आहे ते त्या सूत्राच्या आशयाचे. सूक्ष्मदर्शकातून पाहताना दोन बिंदू एकमेकांच्या किती जवळ आले की ते वेगळे दिसेनासे होतात, याची मर्यादा ते सांगते. म्हणजे या माणसाचे स्मारक उभारताना लोकांनी त्यावर कोरले ते काय करता येणार नाही हे सांगणारे वाक्य.

दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा साधारण २०० नॅनोमीटर भरते. माणसाचा केस जाडीला ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असतो. त्याचा चारशे-पाचशेवा भाग म्हणजे २०० नॅनोमीटर. ऐकायला हे फार सूक्ष्म वाटते. पण पेशीचा सारा कारभार चालवणारी प्रथिने जेमतेम काही नॅनोमीटरची असतात. पेशी दिसते, तिचे केंद्रक दिसते, आणि जिथे खरा व्यवहार चालतो तिथे मात्र धुके दिसते. शंभराहून अधिक वर्षे जीवशास्त्र या धुक्याच्या काठावर उभे होते.

२०१४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळाले, तेव्हा आबेची भिंत पडली असे सर्वत्र म्हटले गेले. हा इतिहास जरा बारकाईने पाहिला तर दोन गोष्टी जाणवतात. एक, भिंत पडलेली नाही. तिला वळसा घातला गेला आहे. दोन, तिची अधिक उंच बाजू वेगळीच होती. ती लांबी-रुंदीची नव्हती, खोलीची होती.

आबेचा हिशेब

आबे १८४० साली आयझेनाख येथे जन्मले. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाचे चौदा-सोळा तास उभ्याने काम. मुलगा हुशार निघाला, शिकला आणि येना विद्यापीठात शिकवू लागला. त्याच शहरात कार्ल झाइस यांचा सूक्ष्मदर्शक बनवण्याचा कारखाना १८४६ पासून चालू होता. त्या काळी भिंगे अंदाजाने घडवली जात. कारागीर भिंगांच्या जोड्या लावून पाही, प्रतिमा चांगली दिसली तर ठेवी, नाहीतर बदली. झाइस यांना हा अंदाजपंचे व्यवहार खटकत होता. १८६६ मध्ये त्यांनी तरुण आबेंना गाठले आणि भिंग आधी कागदावर गणिताने ठरवता येईल का, असे विचारले.

आबेंनी गणित मांडले. भिंगाच्या कडेने येणारे किरण प्रतिमा बिघडवतात, म्हणून त्यांनी भिंगाचे तोंड लहान केले. हिशेबाप्रमाणे प्रतिमा सुधारायला हवी होती. प्रत्यक्षात कारागिरांनी अंदाजाने केलेल्या भिंगांत जो बारकावा दिसे, तो या हिशेबी भिंगांत दिसेना. ही फजिती आबेंनी झाकली नाही, तिचा पाठपुरावा केला. बारीक वस्तूवर पडलेला प्रकाश विवर्तनाने फाकतो. वस्तू जितकी बारीक तितका तो अधिक फाकतो. आणि फाकलेला प्रकाश भिंगाच्या तोंडात शिरलाच नाही तर तो बारकावा प्रतिमेत येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. अडचण भिंग घासण्याच्या कसबाची नव्हती, प्रकाशाच्या लहरीपणाची होती. १८७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या दीर्घ लेखात एकही समीकरण नाही. निष्कर्ष शब्दांतच आहे. पुढच्याच वर्षी हेल्महोल्ट्झ स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले.

मर्यादा कळल्याने येनाचा कारखाना थांबला नाही. आता कुठपर्यंत जाता येते ते ठाऊक झाले होते, आणि तिथपर्यंत नेणारी भिंगे हिशेबाने बनू लागली. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू पाहिला तो झाइसच्या तेलात बुडवायच्या भिंगातून. झाइस वारल्यावर आबेंनी कारखाना एका न्यासाच्या हवाली केला आणि १९०० मध्ये तिथे आठ तासांचा कामाचा दिवस लागू झाला. सूतगिरणीत सोळा तास राबणाऱ्या बापाचा हा मुलगा मर्यादांचा अर्थ दोन्हीकडे ओळखून होता.

आबेंनी दार पूर्ण लावूनही घेतले नव्हते. सृष्टीच्या अंतिम घटकांपर्यंत नेणारी साधने कधी निघालीच, तर त्यांचे आजच्या सूक्ष्मदर्शकाशी नावापुरतेच नाते असेल, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे वाक्य शेवटपर्यंत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वरून पाहिलेली दीपमाळ

आता त्या दुसऱ्या बाजूकडे वळू. भिंगाखाली प्रकाशाचा एक सूक्ष्म बिंदू ठेवला तर तो बिंदूसारखा दिसत नाही. पसरट ठिपका दिसतो. हा ठिपका चेंडूसारखा गोल असता तर बरे झाले असते. पण तो उभट असतो, उभ्या धरलेल्या तांदळाच्या दाण्यासारखा. आडवा २०० ते २५० नॅनोमीटर, आणि उभा ५०० ते ७०० नॅनोमीटर. कारण साधे आहे. भिंग एकाच बाजूने पाहते. विहिरीच्या काठावरून खाली पाहताना तळाशी पडलेली कळशी डावीकडे आहे की उजवीकडे ते कळते. ती किती खोल आहे ते सांगणे कठीण जाते. तसेच हे.

आपल्याकडे देवळापुढे दीपमाळ असते. दुरून समोरून पाहिली तर खालपासून वरपर्यंतचे दिवे ओळीने मोजता येतात. तीच दीपमाळ नेमकी माथ्यावरून पाहायची म्हटले तर सगळे दिवे एकात एक मिसळतील. सूक्ष्मदर्शकाच्या नशिबी कायम ही वरूनची नजर आहे.

म्हणून सूक्ष्मदर्शकाचा इतिहास हा बराचसा कापांचा इतिहास आहे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप काढून पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना इंग्रजीत ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. त्या खोलीची खोली मात्र कापातच हरवली. १९३१ मध्ये क्नॉल आणि रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशाच्या मानाने नगण्य, त्यामुळे आबेची मर्यादा तिथे आड आली नाही. पण त्यासाठी निर्वात पोकळी हवी, अतिशय पातळ काप हवा. पेशी मारल्याशिवाय, सुकवल्याशिवाय, कापल्याशिवाय काही दिसत नसे.

न कापता काप मिळवण्याची युक्ती मार्विन मिन्स्की यांनी १९५५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये शोधली. हेच मिन्स्की पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक जनक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी प्रकाश एका बिंदूवर टाकला आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत सुईच्या भोकाएवढे छिद्र ठेवले. ज्या पातळीवर भिंग रोखले आहे तिथला प्रकाश छिद्रातून पार होतो. वरच्या-खालच्या थरांचा बहुतेक अडतो. हा समनाभी सूक्ष्मदर्शक. तेव्हा लेसर नव्हते, संगणक बाल्यावस्थेत होते. त्यामुळे ही कल्पना पंचवीस-तीस वर्षे जवळजवळ पडून राहिली. पुढे तिने जीवशास्त्राला खोलीचे थर दिले. पण प्रत्येक थराची जाडी आबेच्या हिशेबातलीच राहिली.

भिंग सोडून रेणूकडे

स्टेफान हेल यांचा जन्म १९६२ मध्ये रुमानियात, तिथल्या जर्मनभाषक अल्पसंख्याक समाजात. १९७८ मध्ये कुटुंब पश्चिम जर्मनीत आले. हायडेलबर्गला डॉक्टरेट झाली तेव्हा हातात नोकरी नव्हती. आजी-आजोबांनी दिलेल्या पैशांवर त्यांनी आपली कल्पना लिहून काढली. ती कल्पना खोलीविषयीच होती, हे सहसा सांगितले जात नाही. भिंग एकाच बाजूने पाहते म्हणून ठिपका उभट होतो ना? मग नमुन्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर भिंगे लावू आणि दोन्हीकडच्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण घडवू. १९९२ च्या सुमारास हा चतुष्पाय सूक्ष्मदर्शक प्रत्यक्षात आला. ‘पाय’ म्हणजे गणितातला पाय. चौपट पाय हे भोवतालच्या सगळ्या दिशांचे माप. खोलीतली स्पष्टता कित्येक पटींनी सुधारली. तरीही हा आबेच्या नियमातलाच विजय होता.

नियमाला वळसा घालण्याची कल्पना १९९३ च्या शरद ऋतूत, फिनलंडमधील तुर्कू येथे सुचली. हेल तिथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या खोलीत राहात होते. एका शनिवारी सकाळी पुंज-प्रकाशिकीचे पाठ्यपुस्तक चाळताना उद्दीपित उत्सर्जनाचे प्रकरण समोर आले आणि उलगडा झाला. प्रतिदीप्त रेणूवर प्रकाश टाकला की तो उद्दीपित होतो आणि क्षणार्धात वेगळ्या रंगाचा प्रकाश देतो. पण तो प्रकाश देण्याआधीच त्याच्यावर योग्य रंगाचा दुसरा झोत टाकला तर तो गुपचूप शांत होतो. मग असे करू: एका झोताने ठिपकाभर रेणू पेटवू आणि मधे भोक असलेल्या, मेदूवड्याच्या आकाराच्या दुसऱ्या झोताने कडेचे सगळे विझवू. मधले मोजकेच उरतील. दोन्ही झोत आबेच्या मर्यादेइतकेच जाड. पण प्रकाश देत राहणारा भाग त्याहून कितीतरी लहान. १९९४ मध्ये यान विखमान यांच्यासह सिद्धांत प्रसिद्ध झाला, आणि २००० मध्ये, हेल ग्योटिंगेनला असताना, तो प्रयोगाने पक्का झाला.

शंभर वर्षे सगळे भिंग सुधारत होते. हेल यांनी भिंग आहे तसे ठेवले आणि ज्याला पाहायचे त्याची अवस्था बदलली. पुढच्या साऱ्या पद्धतींचे बीज यातच आहे.

यासाठी दिवे लागत होते, पेशीच्या आत ठेवता येतील असे. ते एका जेलीफिशने दिले. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तिच्यातले हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. त्याचे जनुक १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी मिळवले. पण पुढच्या कामाला अनुदान मिळाले नाही, तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकले. या प्रथिनासाठी २००८ मध्ये शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना नोबेल मिळाले, तेव्हा प्रॅशर अमेरिकेत अलाबामा राज्यात एका मोटारविक्रेत्याची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. विज्ञानाच्या इतिहासात अशा ओळी तळटीपेत जातात. इथे ती मजकुरातच असावी असे वाटते, कारण पुढच्या अनेक प्रतिमा या देणगीच्या उजेडात काढलेल्या आहेत.

विल्यम मोर्नर यांनी १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात, एकट्या रेणूने शोषलेला प्रकाश प्रथमच टिपला होता. १९९७ मध्ये त्यांना आणि सहकाऱ्यांना दिसले की त्या हिरव्या प्रथिनाचा एकटा रेणू लुकलुकतो, विझतो आणि ठरावीक रंगाच्या प्रकाशाने पुन्हा पेटवता येतो. दिव्याला बटण होते.

बैठकीच्या खोलीतला सूक्ष्मदर्शक

दाटीने लावलेल्या पणत्या दूरच्या टेकडीवरून पाहिल्या तर उजेडाचा एकच पट्टा दिसतो. त्या एकेक करून लावल्या आणि विझवल्या तर प्रत्येकीची जागा नेमकी टिपता येते. एकट्या पणतीचाही ठिपका पसरट दिसेल, हे खरे. पण त्या ठिपक्याचा मध्य काढता येतो आणि प्रकाशकण जितके जास्त जमतील तितका तो अचूक निघतो. शंभर प्रकाशकण मिळाले तर अचूकता ठिपक्याच्या रुंदीच्या जवळपास दहाव्या भागावर येते. सगळ्या जागा एका कागदावर उतरवल्या की दाटीचे चित्र तयार.

या विचाराचे बीज एरिक बेट्झिग यांनी १९९५ मध्ये एका छोट्या लेखात मांडले होते. तेव्हा ते बेल प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घरी बसले होते. मुलीला बाबागाडीतून फिरवताना ही कल्पना सुचली असे त्यांनी सांगितले आहे. लेख छापून ते मिशिगनमध्ये वडिलांच्या यंत्रसामग्रीच्या कारखान्यात गेले. तिथे त्यांनी मेहनतीने नवे यंत्र बनवले, पण ते फारसे खपले नाही. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, त्यांना प्रकाशाने चालू करता येणाऱ्या चमकत्या प्रथिनांची माहिती कळली. बेल प्रयोगशाळेतले जुने मित्र हॅराल्ड हेस हेही तेव्हा बेकार होते. दोघांनी पदरचे पैसे घालून कॅलिफोर्नियात हेस यांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत सूक्ष्मदर्शक जुळवला. मग जेनिफर लिपिनकॉट-श्वार्त्झ आणि जॉर्ज पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेत पेशी मिळाल्या आणि २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये शाओवेई च्वांग आणि मेन विद्यापीठात सॅम्युएल हेस यांनी स्वतंत्रपणे जवळपास हीच पद्धत सिद्ध केली.

पण या प्रतिमा सपाट होत्या आणि एकेक प्रतिमा जमवायला तासन् तास लागत. दीपमाळ अजून वरूनच दिसत होती.

सिलिंडरचा नंबर

खोलीचे दार २००८ साली उघडले, आणि तेही एकाच वेळी तीन ठिकाणी.

च्वांग यांच्या गटातील बो हुआंग यांनी केलेली युक्ती चष्मा लावणाऱ्या कुणालाही समजेल. डोळ्याला ‘सिलिंडरचा नंबर’ असतो तेव्हा बिंदू एका दिशेने ताणलेला दिसतो. हुआंग यांनी सूक्ष्मदर्शकात मुद्दाम दंडगोल भिंग घालून त्याला असा दोष दिला. रेणू नाभीच्या वर असेल तर ठिपका एका दिशेने लांबट, खाली असेल तर काटकोनातल्या दिशेने लांबट. ठिपक्याच्या आकारावरून उंची वाचायची. आडवी २० ते ३० आणि उभी ५० ते ६० नॅनोमीटर स्पष्टता मिळाली. डोळ्याचे डॉक्टर जो दोष घालवतात, तोच इथे मोजपट्टी झाला.

हेल यांच्या गटाने त्याच वर्षी आपल्या जुन्या समोरासमोरच्या भिंगांना विझवणाऱ्या झोताची जोड दिली आणि तांदळाच्या दाण्याचा जवळजवळ गोल चेंडू केला. तिसरे काम माट्स गुस्ताफसन यांचे. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की मोठ्या लाटांसारखी नक्षी उमटते, ती दोन्ही जाळ्यांच्या घड्यांपेक्षा मोठी असते. गुस्ताफसन यांनी नमुन्यावर प्रकाशाची रेघारेघांची जाळी टाकली. न दिसणारा बारकावा त्या लाटांत उतरला आणि संगणकाने तो उलगडला. २००० मध्ये सपाट, २००८ मध्ये त्रिमितीत. फायदा दुपटीचाच, पण प्रकाश कमी लागतो, साधी रंगद्रव्ये चालतात, आणि केंद्रकाच्या आवरणासारख्या आतल्या रचनाही उलगडतात. २०११ मध्ये मेंदूतील गाठीमुळे गुस्ताफसन गेले. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तीन वर्षांनी नोबेल जाहीर झाले. ते मरणोत्तर देत नाहीत आणि तिघांपेक्षा अधिकांना देत नाहीत.

या सगळ्यातून जीवशास्त्राला काय मिळाले? एक उदाहरण पुरे. चेतापेशीचा लांब तंतू, ज्यातून संदेश धावतो, त्याला आधार देणारी अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाची चौकट असते हे ठाऊक होते. २०१३ मध्ये च्वांग यांच्या गटाने ती त्रिमितीत पाहिली. अ‍ॅक्टिनची कडी तंतूभोवती ओळीने बसवलेली होती, पिंपाच्या पट्ट्यांसारखी, दर १८० ते १९० नॅनोमीटरला एक. दोन कड्यांमध्ये स्पेक्ट्रिनचे रेणू आडव्या दांड्यांसारखे. हे अंतर आबेच्या मर्यादेच्या जेमतेम आत आहे. म्हणजे ही रचना शतकभर भिंगाखाली होती, आणि धुक्याच्या अगदी काठापलीकडे होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करताना ती टिकत नसे. नंतर हेल यांच्या गटाने दुसऱ्याच पद्धतीने, जिवंत चेतापेशींत, तीच कडी पाहिली.

पेशी हेच भिंग

एवढे होऊनही हे सारे बहुतांशी काचेलगतच्या पातळ थरापुरते होते. दंडगोल भिंगाची युक्ती एका वेळी मायक्रॉनभर खोलीतही पुरी पडत नाही आणि पेशी असते दहा-वीस मायक्रॉन उंच. आत जावे तसा एक नवा शत्रू भेटतो: स्वतः पेशी. केंद्रक, मेदाचे थेंब, पटले यांतून जाताना प्रकाश जागोजाग वाकतो. पेशी म्हणजे भिंगापुढे ठेवलेले एक ओबडधोबड भिंगच.

उपाय आकाशाकडून आला. वातावरणामुळे तारे थरथरतात, तेव्हा ती थरथर मोजून आरशाचा आकार तेवढाच उलटा बदलावा, असे होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवले होते. दुर्बिणींतले हे लवचीक आरसे सूक्ष्मदर्शकात आले. २०१६ मध्ये येल विद्यापीठातील यॉर्ग बेव्हर्सडॉर्फ, फँग हुआंग आणि सहकाऱ्यांनी समोरासमोरची दोन भिंगे, लुकलुकणारे रेणू आणि असे आरसे एकत्र आणले. सुमारे दहा मायक्रॉन जाडीच्या संपूर्ण पेशीत १० ते २० नॅनोमीटरची स्पष्टता मिळाली, तिन्ही दिशांना. बेव्हर्सडॉर्फ हे हेल यांचेच विद्यार्थी. आजी-आजोबांच्या पैशांवर लिहिलेली ती पहिली कल्पना पाव शतकानंतर पेशीच्या तळापर्यंत पोहोचली.

त्याच सुमारास एड बॉयडन यांच्या गटाने प्रश्नच उलटा केला: भिंगाने मोठे दिसत नसेल तर पेशीच मोठी का करू नये? २०१५ मध्ये त्यांनी बाळाच्या लंगोटात पाणी शोषणाऱ्या पदार्थाचे जाळे पेशीत भरले आणि पाणी घालून ते साडेचार पट फुगवले. अर्थात, ती पेशी जिवंत नसते.

पाहणे म्हणजे काय

दगडावरचे सूत्र आजही खरे आहे. या सगळ्या यंत्रांतल्या प्रत्येक भिंगाला ते लागू आहे. त्याला वळसा घालताना मोल मात्र मोजले गेले आणि ते वेळेत मोजले गेले. सगळे एकदम दिसणे सोडून एकेक, थोडे थोडे पाहायचे, हा सौदा. जिवंत पेशी तेवढा वेळ स्थिर राहात नाही आणि तेवढा उजेड सोसत नाही. म्हणून जिवंत, खोल आणि स्पष्ट ही तिन्ही एकत्र मिळवणे आजही अवघड आहे.

दुसरे मोल अधिक सूक्ष्म आहे. हूक जे पाहात होते ते त्यांच्या डोळ्यात उमटत होते. आज लाखो रेणूंच्या स्थानांची यादी तयार होते आणि संगणक ती चितारतो. ज्याला दिवा लावला तेच दिसते. न लावलेले असूनही अंधारात राहते. एकच रेणू दोनदा लुकलुकला तर दोन मोजले जातात आणि नसलेले पुंजके उभे राहतात. म्हणूनच त्या कड्यांची दुसऱ्या पद्धतीने झालेली खातरजमा मोलाची. चित्र जितके देखणे, तितका प्रश्न विचारणे गरजेचे.

अशी साधने निघालीच तर त्यांचे आजच्या सूक्ष्मदर्शकाशी नावापुरतेच नाते असेल, असे आबे म्हणाले होते. ते बरोबर निघाले. रेणूंना पेटवणारी-विझवणारी, आरसे वाकवणारी, जागांच्या याद्या करणारी ही यंत्रे सूक्ष्मदर्शक म्हणवतात ते सवयीने. आपली भिंगे हिशेबाप्रमाणे चालेनात तेव्हा त्यांना दोष न देता हिशेब पुन्हा तपासणाऱ्या त्या माणसाला, आपली मर्यादा टिकून राहिली आणि तरीही लोक तिच्या पलीकडे गेले, यात काही विसंगत वाटले नसते.